वळणावर बसायचं कसं

मास्तरांनी फोन तिच्यापुढे धरला. मास्तर गप्प बसले की काहीतरी बिनसलंय, हे तिला एव्हाना कळलं होतं.

फोटो मोटरसायकलच्या ट्रॅकवरच्या त्या लांबलचक डाव्या वळणाचा होता. गाडी चांगली झुकलेली दिसत होती, आणि गाडीवर ती बसली होती, जेवायच्या टेबलाशी बसावं तशी. पाठ ताठ, मान ताठ, दोन्ही खांदे गाडीच्या बरोबर मध्यावर. डावा गुडघा तेवढा बाहेर काढलेला, तोही कुणीतरी दम देऊन काढायला लावल्यासारखा.

"हा पहिल्या फेरीचा असेल," ती म्हणाली.

"शेवटच्या."

"मग कॅमेरा तिरका धरला असेल."

मास्तरांनी फोटोत मागे दिसणाऱ्या दिव्याच्या खांबावर बोट ठेवलं. खांब अगदी सरळ होता.

तिला ते पटेना. त्या वळणावर ती सीटवरून निम्मी खाली उतरली होती. डांबर कोपराला घासतंय की काय असं वाटलं होतं. आता पडते, आता पडते म्हणत दात-ओठ खात तिने ते वळण तसंच लोंबकळत पुरं केलं होतं, आणि परत येताना मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली होती. फोटोवर विश्वास ठेवायचा तर ती जागची हललीसुद्धा नव्हती.

"ताई, अंग थापा मारतं," मास्तर म्हणाले. "सगळ्यांचंच मारतं. तुमचं जरा जास्त."

मास्तर पूर्वी स्वतः शर्यती करायचे. आता एका पायाने किंचित लंगडायचे आणि हौशी लोकांना ट्रॅकवर गाडी चालवायला शिकवायचे. त्यांना सगळेच मास्तर म्हणायचे, फोनवर त्यांची बायकोसुद्धा.

त्यांनी पुन्हा एकदा सगळं समजावलं. वळणात जेवढा वेग जास्त तेवढं झुकावं लागतं, पण टायरची झुकायची एक हद्द असते. आपण गाडीच्या आतल्या बाजूला उतरलो, की तेच वळण त्याच वेगाने घ्यायला गाडीला कमी झुकावं लागतं. ताठ बसून राहिलो, की आपल्या वाट्याचंही बिचारी गाडीच झुकते.

"म्हणून आधी पाय. चवडा फूटरेस्टवर, टाच नाही. मग वळण यायच्या आधी, सरळ रस्त्यावरच, अर्धं बूड सीटच्या बाहेर. बाहेरची मांडी टाकीला घट्ट. हात ढिले. ट्रॅकसाठी काढलेला आतल्या बाजूचा आरसा जिथे असायचा तिथे हनुवटी. आणि नजर वळण संपतं तिथे. एवढंच."

एवढंच. घरी जाताना ती ते पाढे म्हणावेत तसं घोकत होती. डोक्याला सगळं समजत होतं. गंमत म्हणजे लोकांची अंगं जागेवर बसवणं हाच तिचा धंदा होता. ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. शिशाचा जड अ‍ॅप्रन घालून दिवसभर तेच चालायचं: हनुवटी वर, खांदे पुढे, अजून थोडं, हां, आता श्वास धरा. माणूस एक बोटभर तिरका उभा असला तरी तिला दारातून कळायचं. स्वतःच्या बाबतीत मात्र हातभर चूक तिला जाणवत नव्हती, हे कसं, ते तिला उमगत नव्हतं.

गाडी तिला बाबांनी शिकवली होती. बाबांनी सगळी नोकरी मोटरसायकलवर काढली, औषधांची खोकी मागे बांधून दुकानोदुकानी पोचवत. ती शाळेत असताना त्यांनी तिला रिकाम्या मैदानात गाडीवर बसवलं आणि सांगितलं, "भिंगरे, गाडी आणि तू एकच. ती जेवढी झुकेल तेवढीच तू झुकायचं. ना कमी, ना जास्त." भिंगरी हे तिचं घरातलं नाव. घरात एका जागी टिकायची नाही म्हणून पडलेलं. पुढे आई गेली, दादा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, आणि बाबा तिच्याकडे राहायला आले. गेल्या वाढदिवसाला नवऱ्याने तिला ट्रॅकवरचा एक दिवस भेट दिला. एक दिवसाची हौस आहे, फिटेल, असा त्याचा हिशेब. शाळेत गणित शिकवणाऱ्या माणसाचा हिशेब इतका चुकलेला तिने पहिल्यांदाच पाहिला.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला खाली पार्किंगमध्ये नेलं. गाडी मागच्या स्टँडवर चढवली, नवऱ्याने समोरून हँडल धरलं.

"उतर आता डावीकडे," तो म्हणाला.

ती उतरली.

"उतर ना."

"उतरलेय की!"

"कुठे? अगं, तू नुसता श्वास घेतलास."

तिने आणखी जोर लावला. मांडी थरथरायला लागली. आता आपण जमिनीला समांतर आहोत, अशी तिची खात्री झाली. नवरा मान वाकडी करून बघत म्हणाला, "कंबर आलीय बाहेर. पण डोकं अजून पलीकडेच राहिलंय. तू मधोमध पिळलेल्या टॉवेलसारखी दिसतेस."

वरच्या मजल्यावरच्या काकू कचऱ्याची पिशवी घेऊन खाली आल्या होत्या. त्यांनी थांबून बघितलं. "काही पडलंय का गं गाडीखाली?"

बाबा भिंतीशी खुर्ची टाकून बसले होते. ते खो खो हसले. "आमच्या वेळी असं लोंबकळणाऱ्याला लोक दवाखान्यात नेऊन सोडायचे," म्हणाले.

त्यानंतर काही दिवसांनी, एका सकाळी, बाबांनी चहा कपात न ओतता कपाच्या शेजारी ओतला. शांतपणे, किटली रिकामी होईपर्यंत. चहा टेबलावरून ओघळून त्यांच्या डाव्या मांडीवर सांडत होता आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. तिने धावत जाऊन त्यांचा चेहरा आपल्याकडे वळवला. डावा गाल खाली उतरला होता.

मेंदूच्या उजव्या बाजूची रक्तवाहिनी तुंबली होती. वेळेवर नेलं म्हणून बाबा वाचले. बोलणं शाबूत राहिलं, थट्टा शाबूत राहिली. डावा हात आणि डावा पाय मात्र परक्याचे असल्यासारखे झाले. घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, सुधारतील, धीर धरा. धीर धरायची तिची तयारी होती. तिची तयारी नव्हती ती दुसऱ्याच गोष्टीची.

खुर्चीत बसवलं की बाबा डावीकडे कलायचे. त्यात काय, डावं अंग लुळं आहे, कलणारच, असं तिला वाटलं. तिने डावीकडे उशी लावली. बाबा उशीवर कलले. मग तिने त्यांच्या डाव्या खांद्याला हात लावून त्यांना हळूच सरळ करायला घेतलं, आणि बाबांनी चांगल्या उजव्या हाताने खुर्चीचा हात गच्च पकडून सगळ्या ताकदीने स्वतःला पुन्हा डावीकडे ढकललं.

"अगं, पाडतेस काय मला!"

"बाबा, सरळ करतेय मी तुम्हाला."

"सरळच बसलोय! तू ढकलतेयस!"

त्यांच्या डोळ्यांत खरीखुरी भीती होती. ती जितकी उजवीकडे रेटायची, तितके ते डावीकडे रेटायचे. दोघांनाही धाप लागली. इतक्या वर्षांत तिने किती माणसं सरळ उभी केली असतील, पण कुणी असं झुंजलं नव्हतं. आणि बाबा मुद्दाम करत नव्हते, हे तर उघड दिसत होतं. मग करत काय होते?

व्यायाम करून घ्यायला घरी येणारी फिजिओ वयाने लहान होती, पण स्वभावाने खमकी. तिने एक मिनिट ही झटापट बघितली आणि म्हणाली, "ताई, सोडा त्यांना. तुम्ही ढकलताय, म्हणून ते ढकलतायत."

"पण ते पडतील!"

"त्यांना उलट वाटतं. तुम्ही त्यांना सरळ केलं, की त्यांना वाटतं आपण उजवीकडे कोसळतोय. या आजारात काही जणांचं असं होतं. त्यांच्या अंगाच्या लेखी तिरकं म्हणजेच सरळ."

"मग त्यांना सरळ कळणार कसं?"

"डोळ्यांनी. डोळे त्यांना बरोबर दाखवतात, फक्त अंग मानत नाही." तिने बाबांची खुर्ची दाराच्या समोर वळवली. "आजोबा, ही दाराची चौकट बघा. सरळ आहे की तिरकी?"

बाबांनी बघितलं. "सुताराने तिरकी बसवलीय."

"नीट बघा."

बाबा बराच वेळ बघत राहिले. चौकटीकडे, मग आपल्या गुडघ्यांकडे, मग परत चौकटीकडे. "चौकट सरळ आहे," ते हळूच म्हणाले. "म्हणजे मीच…"

फिजिओ गेल्यावर त्यांनी तिला जवळ बोलावलं. "भिंगरे, मला जे वाटतंय तेच खोटं असेल, तर मी धरू कशाला?"

"चौकटीला धरा," असं काहीतरी ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसली. बाबांचा प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना. एखाद्याला कानांनी ऐकू आलं नाही तर त्याला कळतं की ऐकू येत नाही. पण तिरक्या माणसाला आपण सरळच आहोत असं वाटत असेल, तर त्याने शंका तरी कधी घ्यायची? भांडी घासताना आपण नीट उभ्या आहोत ना, हेही तिने एकदा बघून घेतलं.

ट्रॅकचा पुढचा दिवस तिने रद्दच करायचा ठरवलं होतं. नवरा म्हणाला, "जा. मी बसतो बाबांपाशी. घरात एकमेकांना बघून बघून ते आणि तू दोघंही वेडे व्हाल." ती गेली.

जाताना तिने पक्कं ठरवलं होतं, की या वेळी सगळं करायचं. चवडा, बूड, मांडी, हात, हनुवटी, नजर. पहिल्या दोन-तीन वळणांत काहीतरी राहून जायचं. पायाकडे लक्ष दिलं की हनुवटी विसरायची, हनुवटी नेली की हात ताठ व्हायचे. आणि आपण खरंच काही हललो आहोत की नुसतं वाटतंय, हा किडा डोक्यात वळवळतच होता. लांब डाव्या वळणात ती शिरली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की सीटवरून उतरायचं राहिलंच. आधी उतरायला हवं होतं. आता उतरू? आता चालेल? तिने हँडलला धरून स्वतःला डावीकडे खेचलं.

हँडल थरथरलं, पुढचं चाक निसटलं, आणि गाडी तिच्या खालून निघून गेली.

त्यात आदळआपट फारशी झाली नाही. ती पाठीवर घसरत गेली, खडीत पोचली आणि थांबली. काही क्षण तिला खरोखर कळेना की वर कुठे आहे. आभाळ तिच्या पायांकडे होतं असं वाटलं. मग कुणीतरी लाल झेंडा हलवत धावत आलं आणि वर-खाली पुन्हा आपापल्या जागी गेलं.

मनगट मुरगळलं होतं. बाकी ती धड होती. मास्तर बर्फाची पिशवी घेऊन आले.

"काय केलंत?"

"तुम्ही सांगितलेलं सगळं."

"तेच चुकलं," मास्तर म्हणाले. मग जरा थांबून, "माझंही चुकलं. एकदम सगळं सांगितलं."

मनगटाला पट्टी बांधून ती घरी आली तेव्हा दादाचा फोन चालूच होता. नवऱ्याने काही लपवलं नव्हतं. लपवणं त्याला जमतही नसे. फोन स्पीकरवर होता.

"बाबांची ही अवस्था आणि तू गाडीवरून लोंबकळत फिरतेस?" दादा कडाडला. "वय काय तुझं! उद्या कंबर मोडून घेतलीस तर बाबांना बघणार कोण?"

दादाचं चुकलं असतं तर बरं झालं असतं, पण त्याचं काही चुकलं नव्हतं. बाबांना उठवायला दोन हात लागायचे आणि तिचा एक पट्टीत होता.

खुर्चीत कललेले बाबा म्हणाले, "अरे, मला नीट बसवणं तिला जमत नाही. स्वतः गाडीवर बसायला तरी शिकू दे."

"बाबा, मी चेष्टा करत नाहीये. तिला काही झालं तर कोण बघणार तुम्हाला?"

"तू ये," बाबा म्हणाले.

नवऱ्याने खोकल्यासारखं केलं. मग दादाचा आवाज जरा खाली आला. "बघतो," म्हणाला, "रजेचं बघतो." आणि आश्चर्य म्हणजे तो खरंच आला. दर शनिवार-रविवारी बॅग घेऊन येऊ लागला. पहिल्या दिवशी त्यानेही बाबांना रेटून सरळ करायचा प्रयत्न केला आणि बाबांनी त्यालाही "पाडतोस काय रे!" म्हणून सुनावलं. आपल्या एकटीलाच जमत नाही असं नाही, हे बघून तिला उगाच बरं वाटलं.

ढकलायचं नाही, हे फिजिओने पक्कं बजावलं होतं. त्याऐवजी उजव्या बाजूला काहीतरी धरायचं, हात लांब केल्याशिवाय मिळणार नाही असं. एके दिवशी ती बाबांच्या उजवीकडे उभी राहिली आणि वर्तमानपत्र लांब धरलं.

"इकडे दे की."

"तुम्ही घ्या."

बाबा पुटपुटत, कुरकुरत उजवा हात लांब करत गेले. बोटं कागदाला लागली तेव्हा त्यांचं अंग पहिल्यांदा खुर्चीच्या मधोमध आलं होतं. तिने श्वास धरला.

"पडलो, पडलो," बाबा म्हणाले.

"नाही बाबा. आत्ता तुम्ही अगदी सरळ आहात."

"मग तू का वाकडी दिसतेस?"

तिने समोरच्या कपाटाच्या आरशात पाहिलं. बाबा खरंच सरळ होते. आणि त्यांच्या शेजारी एका पायावर भार टाकून, एक खांदा कानापर्यंत वर चढवून, मान कलती करून ती स्वतः उभी होती. तिला तर आपण खांबासारख्या उभ्या आहोत असंच वाटत होतं. बाबा हसायला लागले, ती हसायला लागली, आणि हसता हसता बाबा पुन्हा डावीकडे गेले.

मनगट बरं झाल्यावर ती परत ट्रॅकवर गेली. जावं की नाही यावर चार दिवस घोळ घातला. मग दादानेच, तोंड वाकडं करून का होईना, "जा एकदाची" म्हटलं. मास्तरांना ती आल्या आल्या म्हणाली, "मला एकच गोष्ट सांगा. दुसरी सांगितलीत तर मी घरी जाईन."

मास्तरांनी विचार केला. "हनुवटी."

"आणि कंबर?"

"हनुवटी आत गेली, की खांदा तिच्यामागून जातो. खांदा गेला की कंबरेला मागे राहून करमत नाही. बाकी सगळं विसरा. त्या लांब वळणाच्या आधी ब्रेक लावतानाच हनुवटी आत न्यायची, आणि पार पलीकडच्या पांढऱ्या पट्टीकडे बघायचं."

तिने तसं केलं. पहिल्याच फेरीत तिला इतकं विचित्र वाटलं, की ती ओरडायचीच बाकी होती. डोकं गाडीवर नाहीच, कुठेतरी भलतीकडे, रस्त्याच्या वर एकटंच लटकतंय. अंग तिला पुन्हा पुन्हा सांगत होतं: मागे ये, मध्ये ये, पडशील. तिने पांढऱ्या पट्टीवरची नजर हलू दिली नाही. गाडी तिच्याखाली उगाचच शांत होती, हेही विचित्र होतं. परत येऊन तिने हेल्मेट काढलं आणि म्हणाली, "वाया गेली ही फेरी. मी नुसती माकडासारखी लटकत होते."

मास्तरांनी फोन पुढे केला.

फोटोतली बाई आत उतरलेली होती. फार नाही, पण होती. खांदा खाली, कोपर वाकलेलं, हनुवटी बरोबर आरशाच्या जागी. आणि गाडी पूर्वीपेक्षा कमी झुकलेली.

"परत जा," मास्तर म्हणाले.

पुढच्या फेरीत तिला फार सुरेख वाटलं. सगळं कसं जागच्या जागी, हलकं, अंगवळणी पडल्यासारखं. ती खुशीत परत आली. फोटोत ती पुन्हा जेवायच्या टेबलाशी बसली होती.

"म्हणजे मी करू तरी काय?" तिला रडूच यायचं बाकी होतं. "बरं वाटलं की चूक आणि वाईट वाटलं की बरोबर?"

"सध्या तरी."

"आणि मग?"

"मग हळूहळू वाईट वाटायचं थांबेल. तेव्हा पुन्हा फोटो काढू. कारण तेव्हा पुन्हा काही सांगता येणार नाही."

"ही कसली शिकवणी झाली मास्तर!"

"मी पण असाच शिकलो," मास्तर म्हणाले, आणि आपल्या लंगड्या पायाकडे बघत, "थोडा उशिरा."

त्या दिवसभरात तिला डावं वळण कधी जमलं, कधी नाही. कधी जमलं ते मास्तरांना विचारल्याशिवाय तिला कळत नव्हतं. उजव्या वळणांचं तर विचारूच नका. पण पुढच्या खेपेला जमायचं प्रमाण वाढलं, आणि त्याच्या पुढच्या खेपेला उजवीकडेही थोडं काही हललं. घरी बाबा काठी घेऊन दारापर्यंत चालायला लागले. दमले की डावीकडे कलायचे. पण आता ते मध्येच थांबून विचारायचे, "आत्ता कसा आहे मी?" आणि जो कोणी खोलीत असेल तो खरं ते सांगायचा. "थोडे डावीकडे, बाबा." मग ते चौकट शोधायचे, आणि नको नको म्हणणाऱ्या अंगाला ओढून मध्ये आणायचे. त्यांचा चेहरा तेव्हा बघवत नसे. कड्यावरून पाय टाकणाऱ्या माणसासारखा व्हायचा.

मग बाबांनी हट्ट धरला, मला ट्रॅकवर न्या. तिथे ऊन असेल, धूळ असेल, बसायला नीट जागा नसेल, हे सगळं सांगून झालं. "मी हिला गाडीवर बसवलं," बाबा म्हणाले, "मला बघायचंय." शेवटी नवऱ्याने कार काढली, दादाने चाकाची खुर्ची मागे टाकली, आणि सगळी वरात ट्रॅकवर पोचली. जाळीच्या कुंपणामागे सावली बघून त्यांनी बाबांना बसवलं. समोरच ते लांब डावं वळण होतं.

तिने त्या दिवशी चांगल्या फेऱ्या मारल्या. म्हणजे वाईट वाटणाऱ्या. प्रत्येक वेळी कुंपणासमोरून जाताना ती पडायच्या बेतात आहे असं तिला वाटत होतं, म्हणून ती खूश होती. फेऱ्या संपल्यावर हेल्मेट काखेत घेऊन ती कुंपणाशी आली.

"दिसले का मी?"

बाबा नाराज होते. "कुठे? सगळे गेले, तू काही आली नाहीस. म्हटलं, गाडी बंद पडली वाटतं."

"अहो बाबा, ती किती वेळा गेली समोरून," दादा म्हणाला. "मी दाखवत नव्हतो का? ती लाल जाकीटवाली."

"ती?" बाबांनी तिच्या लाल जाकिटाकडे पाहिलं, मग वळणाकडे, मग परत तिच्याकडे. "ती तू? पण तू तर अशी बसत नाहीस."

"आता बसते, बाबा."

"तुझी बसायची ढब मी मैलावरून ओळखतो," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज दुखावल्यासारखा झाला होता. "मी तुझीच वाट बघत होतो."

तिला काय वाटलं, ते तिला नीट सांगता आलं नसतं. एवढे दिवस जे जमावं म्हणून जीव काढला ते जमलं होतं, आणि त्यामुळेच बाबांना ती दिसली नव्हती. तिने त्यांच्या खांद्यावरची धूळ झटकली. "तुम्ही म्हणाला होतात ना, गाडी आणि तू एकच, जेवढी ती झुकेल तेवढंच झुकायचं? तेच तर मोडायला एवढे दिवस लागले."

"ते रस्त्यावर गं!" बाबा म्हणाले. "मागे तुझी आई बसायची. तिला घेऊन मी असा लोंबकळलो असतो तर घरात घेतलं असतं का मला तिने?"

नवरा मोठ्याने हसला. दादाही हसला. तिला मात्र हसू जरा उशिरा आलं. हे त्यांनी तेव्हाच का नाही सांगितलं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तेव्हा कोणी विचारलं होतं?

"जा परत एकदा," बाबा म्हणाले. "आता बरोबर बघतो. लाल जाकीट ना? जा."

ती परत गेली. वळण आलं तेव्हा तिने कुंपणाकडे बघितलं नाही. नजर पांढऱ्या पट्टीवर, हनुवटी आत, सगळं अंग नको म्हणत असताना. तिच्या मागून एक जण येत होता, नवशिका असावा. त्याचं इंजिन तिला मागे ऐकू येत होतं. दोघं एकापाठोपाठ वळण पार करून गेले.

परत आल्यावर दादा तिला जाळीपाशी एकटाच भेटला. त्याचा चेहरा विचित्र झाला होता. "बाबांनी हात केला," तो दबक्या आवाजात म्हणाला. "उजवा हात पार वर करून. 'शाब्बास भिंगरे!' असं ओरडले पण."

"मग?"

"तुला नाही. तुझ्या मागच्याला. तो ताठ बसला होता. त्याचंही जाकीट लालच होतं."

मोटरसायकल मास्तरांकडे ठेवून सगळे कारने घरी निघाले. बाबा पुढच्या सीटवर होते, पट्टा लावून, थकलेले आणि खुशीत. "आता बघितलं बरं का तुला," ते मागे न वळता म्हणाले. "छान गेलीस. पहिल्यासारखी."

दादाने तिच्याकडे पाहिलं. नवऱ्याने आरशातून पाहिलं. ती "हो बाबा" म्हणाली. मग ते खोटं झालं का, याचा ती विचार करत राहिली, आणि घर येईपर्यंत तिला काही ठरवता आलं नाही.